दारूच्या घरातली लेकरं आणि आपला गट



घरात दारू शिरली की पहिला फटका लेकरांना बसतो. शाळा बुडते, झोप उडते, थोरली पोरगी धाकट्यांची आई होऊन बसते. आपल्या भूम, वाशी, कळंबकडे ऊसतोडीची उचल कधी कधी घरी पोचण्याआधीच गुत्त्यावर संपते. शेजारणींना सगळं दिसतं, पण बोलत कुणी नाही. ‘समितीला कळलं तर लेकरं उचलून नेतील’ ही भीती आम्ही गटाच्या बैठकीत नेहमी ऐकतो.

ही समिती म्हणजे बाल कल्याण समिती. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार तिच्यात एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यात किमान एक महिला. समिती घरची चौकशी करायला लावते, त्याचा अहवाल १५ दिवसांत द्यायचा असतो. लेकराला संस्थेत ठेवणं हा कायद्यानं शेवटचा उपाय आहे. आधी आई, आजी, मामा-मावशी यांच्यापैकी कोण सांभाळू शकतं, ते पाहायचं असतं. संकटातल्या कुटुंबांसाठी बाल संगोपन योजनाही आहे. पात्र बालकामागे दरमहा २,२५० रुपये मिळतात. चौकशी जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करा.

मग गटानं काय करायचं?

त्या बाईशी एकटीला गाठून बोला, भर बैठकीत नको. हप्ता चुकला तर आधी कारण विचारा, दंडाचं नंतर बघू. रात्री भांडण पेटलं तर लेकरांनी कुणाच्या घरी जायचं, हे आधीच ठरवून ठेवा.

लेकराला मारहाण होत असेल, ते उपाशी राहत असेल, तर १०९८ ला फोन करा. हा फोन फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागतो.

व्यसन हा आजार आहे. पिणारा बाप असो की आई, त्याला कोंडून घालू नका, चोरून पुड्या देऊ नका. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली तर झटके येतात, जीवही जाऊ शकतो. म्हणून दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवायची. व्यसनमुक्तीच्या सल्ल्यासाठी १४४४६ हा सरकारी नंबर आहे.

समितीपर्यंत जायची वेळ आली तर त्या आईला एकटीला पाठवू नका. गटातल्या दोघी सोबत जा. लेकरांना सांभाळणारं माणूस गावात आहे, हे तिथं सांगणारं कुणीतरी हवं.

पुढच्या बैठकीत हे दोन्ही नंबर इतिवृत्ताच्या वहीत पहिल्याच पानावर लिहून ठेवा.