रिंग वाजते, आवाज येत नाही: इंटरनेट फोनचा आवाज जातो कुठे?

हा आजच्या भागाचा लेखी मजकूर. पोर्ट नंबर आणि आयपी पत्ते ऐकून लक्षात राहत नाहीत, म्हणून ते इथे नीट लिहून देतोय.

आज माझीच एक चूक सांगणार आहे. मी तेव्हा पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत होतो. ऑफिसचे फोन अॅस्टरिस्क या सॉफ्टवेअरवर चालायचे, सर्व्हर पुण्यात. कोल्हापूरच्या शाखेत तीन इंटरनेट फोन होते, ते व्हीपीएनवरून या सर्व्हरला जोडलेले. एक दिवस शाखेने ब्रॉडबँड बदललं, नवा राउटर आला आणि जुन्यावरचं व्हीपीएन गेलं. मी घाईत फोनमध्ये थेट सर्व्हरचा पब्लिक पत्ता टाकला, आपल्या राउटरवर ५०६० पोर्ट शाखेपुरता उघडला, टेस्ट कॉल लावला. रिंग वाजली. मी म्हटलं, झालं काम!

दोन दिवसांनी मॅनेजरचा मेसेज आला: "कोल्हापूरच्या मॅडम फोन उचलतात आणि बोलतच नाहीत. ग्राहकांच्या तीन तक्रारी आल्यात." त्यांच्याकडून लेखी खुलासा मागवायची तयारी चालली होती. मी त्या ताईंना फोन केला, अर्थात मोबाइलवर. त्या म्हणाल्या, "सर, मी बोलतोय की ओ! त्यांनाच ऐकू जाईना." मी काय केलं? हेडसेट बदलून बघा म्हटलं. त्यांनी बदलला. काही फरक नाही. वर त्यांनी विचारलं, "याच वायफायवर व्हॉट्सअॅप कॉल झक्कास होतो, मग हाच का नाही?"

प्रश्न एकदम बरोबर होता. उत्तर समजून घेऊ.

रिंग वेगळी, आवाज वेगळा

इंटरनेट फोनच्या एका कॉलमध्ये दोन वेगळे प्रवाह असतात. पहिला एसआयपी: फोन वाजवणं, उचलला की कळवणं, ठेवला की कॉल संपवणं. हा सहसा ५०६० पोर्टवरून जातो. दुसरा आरटीपी, म्हणजे प्रत्यक्ष आवाज. नेहमीच्या जी.७११ कोडेकमध्ये आवाजाचे २० मिलिसेकंदांचे तुकडे होतात, म्हणजे प्रत्येक दिशेला सेकंदाला ५० पॅकेट. ही पॅकेट वेगळ्या यूडीपी पोर्टांवरून जातात. अॅस्टरिस्कमध्ये ही रेंज बहुधा १०००० ते २०००० असते.

म्हणजे रिंग वाजली यावरून आवाजाचा रस्ता मोकळा आहे हे अजिबात सिद्ध होत नाही. माझी चूक नेमकी इथे झाली.

मारुतीच्या देवळामागचं घर

आवाज कुठे पाठवायचा हे फोनला कसं कळतं? कॉल लागताना दोन्ही बाजू एसआयपीच्या मेसेजमध्येच एकमेकांना लिहून देतात: "माझा आवाज या पत्त्यावर, या पोर्टवर पाठव."

आता घोळ बघा. आपला सर्व्हर राउटरच्या मागे, आतल्या नेटवर्कवर होता. त्याचा पत्ता १९२.१६८.१.१०. बाहेरच्या जगात आपला पब्लिक पत्ता वेगळा आहे हे मी त्याला सांगितलंच नव्हतं. त्यामुळे तो बिचारा फोनला आतलाच पत्ता देत होता. हे म्हणजे कुरिअरवाल्याला "मारुतीच्या देवळामागचं घर" सांगण्यासारखं. गावात चालतं, पण मारुतीचं देऊळ प्रत्येक गावात असतं!

कोल्हापूरचा नवा राउटरही १९२.१६८.१ नेच सुरू होणारे पत्ते वाटत होता. आणि तिथे १९२.१६८.१.१० कोण होतं माहितीये? प्रिंटर. ताई दोन दिवस मनापासून "हॅलो, हॅलो" म्हणत होत्या आणि ते सगळं प्रिंटरला जात होतं.

मग त्यांना ग्राहकाचं कसं ऐकू येत होतं? शाखेच्या राउटरमध्ये एसआयपी एएलजी नावाची सोय चालू होती. तिने फोनचा आतला पत्ता वाटेत बदलून पब्लिक केला, म्हणून सर्व्हरचा आवाज पोहोचला. इथे तिने मदत केली. पण बऱ्याच राउटरमध्ये ती मेसेज उलटेच बिघडवते, म्हणून शंका आली की आधी ती बंद करून बघतात.

आणि व्हॉट्सअॅप? अशी अॅप्स आपला बाहेरचा पत्ता आधी शोधून घेतात, आणि थेट रस्ता मिळाला नाही तर मधल्या सर्व्हरवरून वळसा घेतात. त्यामुळे "व्हॉट्सअॅप चालतं" याचा अर्थ इंटरनेट चालतं, एवढाच.

तुमच्याकडे असं झालं तर

१. आधी विचारा: कोणाला कोणाचं ऐकू येत नाही? एकाच दिशेचा आवाज गायब असेल तर बहुधा पत्ता किंवा फायरवॉल. म्यूट आणि हेडसेट मिनिटभरात तपासा, त्यावर दोन दिवस घालवू नका.

२. एको टेस्ट करा. फ्रीपीबीएक्स असेल तर *४३ लावा. स्वतःचा आवाज परत आला तर फोन ते सर्व्हर हा रस्ता दोन्हीकडून ठीक आहे.

३. वायरशार्कने सर्व्हरवर कॉल पकडा. एसआयपी मेसेजमधला आवाजाचा पत्ता वाचा. इंटरनेटवरून येणाऱ्या फोनला १९२.१६८ किंवा १० ने सुरू होणारा पत्ता जाताना दिसला, तर चोर सापडला.

४. अॅस्टरिस्कला बाहेरचा पत्ता आणि लोकल नेटवर्क कोणतं ते सांगा, डायरेक्ट मीडिया बंद ठेवा, आणि आरटीपीची पूर्ण रेंज सर्व्हरकडे फॉरवर्ड करा. अर्धीच रेंज उघडली तर आवाज कधी येतो, कधी नाही, आणि डोकं फिरतं.

५. कॉल साधारण ३२ सेकंदांनी आपोआप कटत असेल, तर फोन उचलल्याची पोच परत पोहोचत नाहीये. तेही बहुतेक वेळा पत्त्याचंच दुखणं.

एक सावधगिरी: ५०६० सगळ्या जगाला उघडू नका. असे सर्व्हर शोधून तुमच्या खर्चाने परदेशी कॉल लावणारे टपलेलेच असतात. ठरावीक पत्त्यांनाच परवानगी द्या, नाहीतर व्हीपीएन वापरा. मी शेवटी तेच केलं: शाखेचे पत्ते बदलून १९२.१६८.२० ने सुरू होणारे केले आणि व्हीपीएन परत उभं केलं.

त्याआधी मॅनेजरना मेल लिहिला: "मॅडम प्रत्येक कॉलवर बोलत होत्या. आवाज माझ्या सेटिंगमुळे पोहोचत नव्हता." सोबत वायरशार्कचा स्क्रीनशॉट जोडला. खुलासा मागवायचं तिथेच थांबलं. ताईंना फोन करून सॉरी म्हटलं, तर त्या हसून म्हणाल्या, "म्हणजे एवढे दिवस मी प्रिंटरसंगट बोलत होतो?"

तेव्हापासून कोणी "मी बोलतोय की" म्हटलं, तर मी आधी ते खरं मानतो आणि मग पॅकेट बघतो. तुमच्या ऑफिसात असा मुका फोन असेल तर कोणाला कोणाचं ऐकू येत नाही ते लिहून पाठवा, पुढच्या भागात घेऊ. भेटू मग, तोवर ऐकत राहा!