बारावीनंतर काय? आधी काम पाहू, मग ठरवू



परवा बचत गटाची बैठक संपली, हप्ते वहीत चढले, तरी आम्ही उठलो नाही. विषय निघाला होता पोरांचा. एकीची मुलगी बारावीला आहे. पुढे काय करणार विचारलं की म्हणते, "माहीत नाही." आई चिडते, बाप गप्प बसतो. थोड्याफार फरकाने आमच्या बऱ्याच घरांत हेच चाललंय.

हे "माहीत नाही" म्हणजे आळस नव्हे. उरणमध्ये त्याला कारण आहे. इथल्या जमिनी प्रकल्पांसाठी गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये आपल्या हक्कासाठी लढताना पाच शेतकरी हुतात्मे झाले. १९८९ मध्ये न्हावा-शेव्याचं बंदर सुरू झालं. तेव्हापासून घरात एकच वाक्य ऐकलं: प्रकल्पग्रस्ताचा दाखला आहे, पोरगा बंदरात लागेल. आता तिथली टर्मिनल खाजगी कंपन्या चालवतात आणि नुसत्या दाखल्यावर भागत नाही. काम आहे, पण प्रत्येक कामाला शिक्षण वेगळं. कंटेनर रोज दारावरून जातात, गेटच्या आत काय चालतं ते मात्र पोरांनी पाहिलेलं नसतं. जे पाहिलंच नाही, त्यातून निवडणार कसं?

म्हणून आधी वाटा समजून घेऊ. क्रेन आणि यंत्रांची दुरुस्ती करायची तर आयटीआयचा इलेक्ट्रिशियन किंवा फिटर ट्रेड आहे. दोन वर्षांचा आयटीआय झाला की पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं आणि पदविकेनंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. म्हणजे आयटीआय ही शेवटची पायरी नाही. कॉमर्सवाल्यांना मालाची कागदपत्रं, कस्टम क्लिअरिंग, गोदामाचा हिशेब अशी कामं आहेत.

जहाजावर अधिकारी व्हायचं असेल तर बारावीला भौतिक, रसायन आणि गणित हे तिन्ही विषय लागतात. आमच्या ओळखीच्या एका मुलीने अकरावीत मैत्रिणीने सोडलं म्हणून गणित सोडलं. बारावीत तिला बोटीवर जावंसं वाटलं, तेव्हा ती वाट बंद झाली होती. शेवटी दहावीच्या गुणांवर तिने पदविकेच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला. वाट सापडली, पण दोन वर्षं गेली. तेव्हा काय व्हायचं हे ठरलं नसेल तरी चालेल, पण विषय सोडताना कोणतं दार बंद होतंय ते विचारा. जहाजाच्या कोर्ससाठी एजंटला पैसे देण्याआधी ती संस्था नौवहन महासंचालनालयाच्या यादीत आहे का, हेही तपासा.

मुलींच्या आयांनो, एक गोष्ट नीट ऐका. २०२४-२५ पासून वर्षाला आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना, केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शासन भरतं. पण उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला वेळेत हवा. निकालानंतर तहसील कार्यालयात रांग लागते, म्हणून आत्ताच अर्ज करा.

आमच्या गटाने एक ठरवलंय. येत्या सुट्टीत प्रत्येक मुलाने तीन माणसांना भेटायचं: एक वेल्डर किंवा फिटर, एक क्लिअरिंगच्या ऑफिसातली व्यक्ती, एक नर्स किंवा शिक्षिका. प्रश्न तीनच. दिवसभर काय काम असतं? सुरुवातीला पगार किती होता? इथवर यायला काय शिकावं लागलं? उत्तरं वहीत लिहायची.

जानेवारी २०२४ पासून उरणहून नेरुळ, बेलापूरला लोकल जाते. कॉलेज आता लांब राहिलं नाही. पोरगी आज "माहीत नाही" म्हणाली तर रागावू नका. म्हणा, "चल बाय, बघून येऊ."