ब्रेकवर पाय कुणाचा?

नव्या गाड्यांना कॅमेरा आणि रडारचे डोळे फुटलेत. पण पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये जास्त सेफ कोण? गाडी की गाडीवाला?

चाकणच्या प्लांटमधून २०२१मध्ये एक्सयूव्ही ७०० बाहेर पडली आणि 'एडास' हा शब्द ऑफिसच्या चहाच्या टपरीवर पोचला. फुल फॉर्म, अ‍ॅडव्हान्स्ड ड्रायव्हर असिस्टन्स सिस्टीम. फंडा सोपा आहे. काचेमागचा कॅमेरा आणि बंपरमधलं रडार पुढच्या गाडीवर नजर ठेवतात. अंतर झपाट्यानं कमी झालं की बीप वाजतो. तरीही तुम्ही ढिम्म, तर गाडी स्वतःच ब्रेक मारते.

पहिला राउंड: मशीन

एक्स्प्रेस वेवर ताशी १०० किलोमीटरनं गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते. बॉसचा मेसेज वाचायला दोन सेकंद मान खाली, की ५५ मीटर आंधळी कोशिंबीर! मशीनला ना बॉस, ना झोप. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या 'आयआयएचएस' या संशोधन संस्थेला असं आढळलं, की ऑटो ब्रेकवाल्या गाड्या पुढच्या गाडीवर आदळण्याचं प्रमाण निम्म्यानं घटतं. नुसती वॉर्निंग असेल तर घट २७ टक्केच.

दुसरा राउंड: माणूस

आता सिंहगड रोडला या. डावीकडून घुसणारी स्कूटर, राँग साइडनं येणारे काका. काका वळणार हे आपल्याला त्यांच्या मानेवरून कळतं, रडारला नाही. गाडीनं मध्येच करकचून ब्रेक मारला, तर मागचा बाइकवाला थेट डिकीवर! २०२२मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ जीव गेले, त्यातले ४४ टक्क्यांहून जास्त टू-व्हीलरवरचे. शिवाय धुकं, धो धो पाऊस, लेन्सवरचा चिखल यात सिस्टीम चाचपडते. आणि नवले पूल? २० नोव्हेंबर २०२२च्या रात्री त्या उतारावर एका अवजड ट्रकनं गाड्यांची रांगच ठोकली. संकट असं मागून आलं, तर पुढचं रडार काय करणार?

मग जिंकलं कोण?

आयआयएचएसनंच २०२४मध्ये सांगितलं, की स्पीड आणि लेन दोन्ही सांभाळणाऱ्या सिस्टीममुळे अपघात कमी होतात याचा ठोस पुरावा नाही. फरक इथेच आहे. ऑटो ब्रेक आपण चुकल्यावर धावून येतो. लेन सांभाळणारी सिस्टीम मात्र आपल्याला निवांत व्हायला शिकवते. स्टिअरिंगला पाण्याची बाटली लटकवून रील काढणारे महाभाग तिथेच फसतात.

तेव्हा गाडी बुक करताना विचारा, ऑटो ब्रेक आहे की नुसती वॉर्निंग? आणि घेतल्यावर तो कधी लागलाच नाही, तर पैसे वाया गेले म्हणू नका. तुम्ही चांगली गाडी चालवताय!