बायपासनंतर किती चालावे? नाडी, दम आणि न्यायशास्त्र

बायपास होऊन घरी आलेल्या माणसाला दोन प्रकारचे सल्लागार भेटतात. एक म्हणतात, "काका, आता फक्त आराम. पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू नका." दुसरे म्हणतात, "अहो, आमचे शेजारी दोन महिन्यांत जीवदानी चढले!" जीवदानीच्या पायऱ्या 1300 च्या वर आहेत. दोघेही प्रेमापोटी बोलतात, आणि दोघांचंही ऐकलं तर नुकसानच. नुसतं पडून राहिलं की स्नायू गळतात आणि भीती वाढते; झेपेल त्यापलीकडे गेलं तर काय होतं ते सांगायला नको. मग श्रम बेताचे आहेत की जास्त, हे ओळखायचं कशावरून? आम्ही डॉक्टर आहोत ते तत्त्वज्ञानातले, त्यामुळे गोळ्यांचं आम्हाला विचारू नका. पण 'कशावरून' हा प्रश्न आमच्या घरचा आहे.

हल्ली पहिलं उत्तर मनगटावर असतं. 220 मधून वय वजा करा, म्हणजे सत्तरीच्या माणसाला 150 ठोके ही कमाल, आणि त्याच्या अमुक टक्के धरून चाला. हे सूत्र मुळात ढोबळ सरासरी आहे. एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. पण आमची खरी हरकत वेगळी आहे.

न्यायशास्त्रातलं अनुमान आपल्याला ठाऊक आहे: डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे आग आहे. ठोके हा आपला धूर, श्रम ही आग. आता हे उलटं करून पाहा. धूर नाही, म्हणून आग नाही, असं म्हणता येईल का? नैयायिकांनी यावर तापलेल्या लोखंडी गोळ्याचं उदाहरण देऊन ठेवलं आहे. आग आहे, धूर नाही. बायपासनंतर पुष्कळांना बीटा-ब्लॉकर जातीची गोळी असते, आणि तिचं कामच ठोक्यांना लगाम घालणं हे आहे. असा माणूस पार थकलेला असतो आणि घड्याळ दाखवतं 98. तो समजतो, अजून पुष्कळ वाव आहे. हा तापलेला गोळा! जे सूत्र गोळी न घेणाऱ्यांसाठी केलं, ते इथे लावायचं नाही.

मग दुसरं प्रमाण, प्रत्यक्ष. आपल्याला आतून काय जाणवतं? गुन्नार बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने यासाठी 6 ते 20 अशी मोजपट्टी केली. सहापासून सुरुवात का, तर निरोगी माणसाच्या आकड्याला दहाने गुणलं की साधारण ठोके यावेत म्हणून. 6 म्हणजे 60, स्वस्थ बसलेला. 11 म्हणजे हलके श्रम, 13 म्हणजे थोडे जड, 15 म्हणजे जड. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काळात साधारण 11 ते 13 मध्ये राहा, असं सांगतात. गोळी चालू असली की दहाने गुणण्याचा हिशेब मोडतो, पण 'थोडं जड वाटतंय' ही जाणीव शिल्लक राहते. त्याहून सोपी खूण बोलण्याची. चालता चालता सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. वाक्य मध्येच तुटून श्वास घ्यावा लागला, की वेग कमी करा.

गंमत अशी, की आपल्याकडे सुश्रुताने व्यायामाची मर्यादा अर्ध्या शक्तीची सांगितली, आणि श्वास तोंडावाटे येऊ लागणं ही तिची खूण दिली. वाग्भट आणखी पुढे जातो: बलवान माणसानेसुद्धा अर्धी शक्ती वापरायची ती थंडीत आणि वसंतात, इतर ऋतूंत त्याहूनही कमी. वसईच्या मे महिन्यात हे फार पटतं. घामट दमट हवेत शरीर थंड ठेवण्यासाठी रक्त त्वचेकडे वळवावं लागतं, आणि हृदयाला तेवढ्याच चालीसाठी जास्त राबावं लागतं. डिसेंबरच्या सकाळी जी चाल 11 वाटते, ती मे महिन्यात दुपारी 14 वाटेल. सुरूच्या बागेपलीकडची सैल वाळूही तशीच. रस्त्यावरचा वेग तिथे नेऊ नका.

पण प्रत्यक्षही फसतं. जुना मधुमेह असला तर हृदयाला रक्त कमी पडत असतानाही छातीत दुखत नाही, असं पुष्कळांचं होतं. "मला काही होत नाही हो" हे अशा माणसाच्या बाबतीत प्रमाण नव्हे. इथे तिसरं प्रमाण लागतं, आप्तवचन: म्हणजे डॉक्टरांच्या देखरेखीखाली पट्ट्यावर चालून केलेली चाचणी, आणि तीही रोजच्या गोळ्या चालू ठेवून. ज्या ठोक्यांवर आलेखात बिघाड दिसतो, त्याच्या दहाएक ठोके खाली वरची मर्यादा आखून देतात. ही चाचणी होईपर्यंत, बसल्या ठोक्यांपेक्षा तीसहून जास्त वाढू द्यायचे नाहीत असा एक सावध संकेत आहे. गोळी घेणाऱ्यालाही घड्याळ उपयोगी पडतं ते असं, त्याच्या स्वतःच्या मोजलेल्या आकड्यापुरतं. आणि छातीत, जबड्यात, हातात आवळल्यासारखं झालं, गार घाम फुटला, चक्कर आली किंवा ठोके अडखळले, तर कोणत्याही प्रमाणाची चर्चा नको. थांबा, बसा; बरं वाटलं नाही तर लगेच 108.

एक श्रोते मघाशी विचारत होते, "दम लागत नाही, मग विरार लोकलने गेलो तर?" इथे हृदयाचा प्रश्न वेगळा आणि हाडाचा वेगळा. छातीचं मधलं हाड कापून तारेने बांधलेलं असतं. ते सांधायला सहा ते आठ आठवडे तरी जातात, पक्कं व्हायला तीन महिनेही लागतात. तोवर चार-पाच किलोंच्या वरचं ओझं नको, भरलेली बादली नको, आणि गर्दीत दांड्याला धरून स्वतःला डब्यात ओढून घेणं तर नकोच. ठोके 80 असले तरीही. स्टेशनचा पूलसुद्धा आधी डॉक्टरांना विचारून, कठड्याला हात टेकत, दर टप्प्यावर थांबत. आता दुसरा प्रश्न घेऊ.