एक्सप्लेनर : मैदान की अभ्यास? टिळकांनी कॉलेजचे पहिले वर्ष तालमीला का दिले?

जळगाव/धुळे : कॉलेजांत आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचे वेळापत्रक लागले की खान्देशातल्या अनेक घरांत एकच वाद सुरू होतो. मुलगा कबड्डीच्या संघात निवडला गेला, मुलगी खो-खोला जाणार. पण परीक्षेचे काय? 'वर्ष वाया गेले तर?' हा पालकांचा प्रश्न नवा नाही. दीडशे वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका विद्यार्थ्याने या प्रश्नाचे उत्तर आपल्या पद्धतीने दिले होते.

नेमके काय घडले होते?

बाळ गंगाधर टिळक १८७२ मध्ये मॅट्रिक झाले. त्याच वर्षी वडील गेले. पुढे त्यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात प्रवेश घेतला. तेव्हा त्यांची प्रकृती अगदीच तोळामासा होती. घरची परिस्थिती पाहता पटापट पदवी घेऊन नोकरीला लागणे हा सरळ मार्ग होता. टिळकांनी मात्र पहिले वर्ष शरीर कमावण्यात घालवायचे ठरवले. तालीम, कुस्ती, पोहणे आणि नदीत होडी वल्हवणे हाच दिनक्रम झाला. परिणाम? पहिल्या वर्षाच्या परीक्षेत ते नापास झाले, असे चरित्रकार सांगतात.

मग पुढे काय झाले?

१८७७ मध्ये गणित घेऊन ते बी.ए. प्रथम वर्गात उत्तीर्ण झाले आणि १८७९ मध्ये एलएल.बी. झाले. कायद्याच्या अभ्यासाच्या काळात याच कॉलेजात त्यांची गोपाळ गणेश आगरकरांशी गट्टी जमली. तिथल्या चर्चांतूनच शाळा काढण्याचा विचार पक्का झाला आणि १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल उभे राहिले. पुढे १९०८ ते १९१४ अशी सहा वर्षे टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात काढली, तीही मधुमेह असताना. तरुणपणी कमावलेले शरीर तेव्हा कामी आले, असे मानले जाते.

तेव्हा जगात काय चालले होते?

कॉलेज आणि खेळ यांचे नाते त्याच काळात अमेरिकेत घट्ट होत होते. १८५२ मध्ये हार्वर्ड आणि येल यांच्यात होड्यांची शर्यत झाली. अमेरिकेतला हा पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना मानला जातो. गंमत म्हणजे तिचा खर्च प्रवासी वाढावेत म्हणून एका रेल्वे कंपनीने उचलला होता. १८६९ मध्ये रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात फुटबॉलचा सामना झाला. प्रत्येक बाजूला २५ खेळाडू होते आणि रटगर्सने ६-४ अशी बाजी मारली.

सुरुवातीला हा सगळा कारभार विद्यार्थीच पाहत. संघ, वर्गणी, नियम सारे त्यांच्याच हाती. पण चुरस वाढली तशा दुखापतीही वाढल्या. १९०५ च्या हंगामात फुटबॉलमध्ये अनेक तरुणांचे जीव गेले. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना लक्ष घालावे लागले आणि त्यानंतर कॉलेजांनी एकत्र येऊन नियमांची चौकट उभी केली.

याचा खान्देशशी काय संबंध?

संबंध थेट मैदानावर दिसतो. गावोगावी खेळला जाणारा व्हॉलीबॉल १८९५ मध्ये अमेरिकेतल्या होल्योक गावी विल्यम मॉर्गन यांनी तयार केला. बास्केटबॉल १८९१ मध्ये स्प्रिंगफिल्डच्या प्रशिक्षण संस्थेत जन्मला. थंडीत कंटाळलेल्या विद्यार्थ्यांसाठी जेम्स नाइस्मिथ यांनी पीचच्या दोन टोपल्या सज्ज्याला ठोकल्या, एवढीच त्याची सुरुवात.

कॉलेज मात्र खान्देशात बऱ्याच उशिरा आले. जळगावचे मू. जे. आणि अमळनेरचे प्रताप महाविद्यालय १९४० च्या दशकातले. १९९० मध्ये जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झाले आणि जळगाव, धुळे, नंदुरबारच्या खेळाडूंना हक्काचा विद्यापीठ संघ मिळाला. आज हे विद्यापीठ कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्या नावाने ओळखले जाते.

आजच्या विद्यार्थ्याने काय करावे?

टिळकांसारखे वर्ष सोडणे आज बहुतेकांना परवडणारे नाही. फी, खोलीभाडे, मेसचा खर्च पालकांच्या डोक्यावर असतो. पण आता 'एकतर हे नाहीतर ते' अशी स्थितीही राहिलेली नाही. दहावी-बारावीला पात्र खेळाडूंना वाढीव गुण मिळतात. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे.

त्यासाठी कागदपत्रे पक्की हवीत. स्पर्धेला जाण्याआधी क्रीडा संचालकांचे पत्र घ्या. तारखा परीक्षेला आडव्या येत असतील तर वेळेत लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. प्रमाणपत्रावरचे नाव, स्पर्धेचा स्तर आणि तारीख तिथेच तपासा. मैदानावर गाळलेला घाम कागदावरच्या एका चुकीने वाया जाऊ नये.