रणगाडाविरोधी बंदूक : परिणामकारकतेचा निकष

युद्धसाहित्याच्या इतिहासात रणगाडाविरोधी बंदुकीला सामान्यतः अपयशी शस्त्रांच्या पंक्तीत बसविले जाते. १९१८ मध्ये जन्म आणि १९४५ पर्यंत बहुतेक सैन्यांतून हद्दपारी, असा तिचा अल्प आयुष्यक्रम पाहता हा निर्णय स्वाभाविक वाटतो. तथापि तो ज्या निकषावर आधारलेला आहे, तो निकषच तपासून पाहण्याजोगा आहे. या बंदुकीने किती रणगाडे नष्ट केले, असा प्रश्न वारंवार विचारला जातो; आणि नेमके याच प्रश्नाचे विश्वसनीय उत्तर मिळणे दुरापास्त असते. एकाच रणगाड्यावर तोफा, सुरुंग व हातबाँब यांचा मारा होत असताना श्रेय कोणाचे, हे रणधुमाळीत कोण ठरविणार?

इंग्रजांनी १५ सप्टेंबर १९१६ रोजी सोमच्या रणक्षेत्रावर प्रथम रणगाडे आणले. आरंभी जर्मन शिपाई आपल्या नेहमीच्याच बंदुकीतून कठीण पोलादी गाभ्याची गोळी झाडून त्यांचे चिलखत भेदू शकत होते. पुढे चिलखत जाड झाले आणि ही गोळी निरुपयोगी ठरली. यावर १९१८ मध्ये माउझर कारखान्याने १३.२ मिलिमीटर व्यासाची, एकेरी गोळीची अवजड बंदूक तयार केली. शंभर मीटरांवरून सुमारे २० मिलिमीटर जाडीचा पत्रा ती भेदीत असे. परंतु तिला प्रत्याघात शोषून घेणारी कोणतीही योजना नव्हती, आणि तिचा धक्का शिपायाच्या खांद्याला शत्रूइतकाच जाचक होता.

या शस्त्राची मूलभूत मर्यादा येथेच दिसते. गोळीची वेधनशक्ती तिच्या वजनावर व वेगावर अवलंबून असते. मात्र पुढे जाणाऱ्या गोळीचा आवेग जितका मोठा, तितकाच मागे येणारा धक्का मोठा. सोव्हिएत बंदुकीची १४.५ मिलिमीटर व्यासाची, ६४ ग्रॅम वजनाची गोळी सेकंदाला सुमारे १,००० मीटर वेगाने सुटे. म्हणजे तिची ऊर्जा ३२ हजार ज्यूलच्या घरात, नेहमीच्या बंदुकीच्या गोळीच्या आठ-नऊ पट होती. याहून पुढे जावे तर वजन वाढवावे लागते. फिनलंडने २० मिलिमीटरची लाहती बंदूक केली. तिचे वजन ५० किलोग्रॅमच्या आसपास गेले, आणि ती बंदूक म्हणावी की लहान तोफ, असा प्रश्न पडावा. चिलखताची जाडी कारखान्यात वाढविता येते. माणसाच्या खांद्याचे तसे नाही.

दुसरी मर्यादा अधिक सूक्ष्म आहे. पत्रा भेदणे म्हणजे रणगाडा निकामी करणे नव्हे. गोळीत स्फोटक नसते. आत शिरलेल्या तुकड्याने चालक, यंत्र, दारूगोळा किंवा इंधन यांपैकी काही गाठले तरच उपयोग. जर्मनांनी आपल्या ७.९२ मिलिमीटर रणगाडाविरोधी गोळीत अश्रुवायूची लहानशी कुपी बसविली होती, ती याच उणिवेवर उपाय म्हणून. गंमत अशी, की हस्तगत केलेली काडतुसे उघडून पाहीपर्यंत प्रतिपक्षाला या वायूचा पत्ताही लागला नव्हता!

१९३९ मध्ये पोलंडकडे १९३५ सालची एक उत्कृष्ट बंदूक होती. ती इतकी गुप्त ठेवलेली, की उरुग्वेसाठी माल असल्याचा बहाणा करण्यात आला होता. तिच्या गोळीला कठीण गाभा नव्हता; सेकंदाला १,२०० मीटरांहून अधिक वेगाने आदळून ती पत्र्याचा तुकडाच आत उडवी. पहिल्या व दुसऱ्या श्रेणीच्या जर्मन रणगाड्यांचे चिलखत पंधरा मिलिमीटरांच्या आत असल्याने ती पुरेशी ठरे. इंग्रजांची ०.५५ इंची बॉइज बंदूक मात्र १९४० मध्ये तिसऱ्या व चौथ्या श्रेणीच्या रणगाड्यांच्या पुढील बाजूस हतबल ठरली. तिच्यावरील शिपायांचा विश्वास इतका उडाला, की १९४२ मध्ये कॅनडात वॉल्ट डिस्नेच्या साहाय्याने तिच्या प्रचारार्थ व्यंगचित्रपट काढावा लागला. पुढल्याच वर्षी पिआट हे अस्त्र तिच्या जागी आले.

खरा उद्बोधक प्रसंग १९४१ चा आहे. सोव्हिएत सैन्याने १९३९ मध्ये रुकाविश्निकोव्हची बंदूक स्वीकारली होती. परंतु जर्मन चिलखत फार जाड आहे अशा चुकीच्या समजुतीने १९४० मध्ये ती रद्द केली. जून १९४१ मध्ये आक्रमण झाले आणि शत्रूच्या मुख्य रणगाड्यांच्या बाजूचे चिलखत केवळ ३० मिलिमीटर असल्याचे अनुभवास आले. देग्त्यार्योव्ह व सिमोनोव्ह यांनी घाईने दोन नव्या बंदुका सिद्ध केल्या. ऑगस्टअखेर दोहोंना मान्यता मिळाली. जवळून मारा केल्यास त्या ३५ ते ४० मिलिमीटर पत्रा भेदीत. त्याच उन्हाळ्यात जर्मनांची स्वतःची बंदूक मात्र टी-३४ च्या ४५ मिलिमीटर उतरत्या चिलखतापुढे व्यर्थ ठरत होती. एकाच वर्षी, एकाच रणभूमीवर, एका बाजूला शस्त्र कालबाह्य झाले आणि दुसऱ्या बाजूला त्याचा पुनर्जन्म झाला. परिणामकारकता हा केवळ बंदुकीचा गुण नसून तो बंदूक व समोरचा पत्रा यांतील संबंध आहे, हे याहून स्पष्टपणे दाखविणारे उदाहरण क्वचितच सापडेल.

सोव्हिएत यशाचे मोजमाप कसे करावे? वीरगाथांवर विसंबणे धोक्याचे आहे. नोव्हेंबर १९४१ मध्ये मॉस्कोजवळ दुबोसेकोव्हो येथे पान्फिलोव्हच्या २८ शिपायांनी आत्मबलिदान करून रणगाड्यांचा लोंढा थोपविल्याची कथा जगप्रसिद्ध आहे. लढाई झाली, रणगाडाविरोधी बंदुकाही तेथे होत्या; परंतु १९४८ च्या लष्करी अभियोक्त्यांच्या चौकशीत ही कथा, तिच्या प्रसिद्ध रूपात, वृत्तपत्रीय कल्पनेची निर्मिती असल्याचे निष्पन्न झाले. तो अहवाल २०१५ मध्ये प्रकाशित झाला.

अधिक भरवशाची साक्ष शत्रूच्या कारखान्यात मिळते. १९४३ पासून जर्मनांनी तिसऱ्या व चौथ्या श्रेणीच्या रणगाड्यांच्या बाजूंस, मूळ चिलखतापासून अंतर राखून, पाच मिलिमीटरच्या आसपास जाडीचे पत्रे टांगण्यास आरंभ केला. त्यांना ‘श्युर्त्सन’ म्हणत; स्वयंपाक करताना कमरेला बांधावयाच्या वस्त्राचे हे जर्मन नाव. हे पत्रे बाझूकासारख्या अस्त्रांविरुद्ध होते, असा समज अद्याप रूढ आहे. वस्तुतः त्यांची योजना सोव्हिएत १४.५ मिलिमीटर गोळीसाठी होती. बाहेरचा पत्रा भेदताना गोळी तिरपी होई किंवा तिचा गाभा फुटे, आणि आतील चिलखतावर तिचा जोर ओसरे. पँथरसारख्या नव्या रणगाड्यालाही चाकांमागील ४० मिलिमीटर पत्र्याच्या रक्षणार्थ हे आवरण द्यावे लागले. पोलादाची टंचाई असताना हजारो रणगाड्यांवर हा खर्च करावा लागावा, हीच त्या बंदुकीची पावती होय. शिवाय शेकडो बंदुका निरीक्षण-फटींवर रोखलेल्या असता झाकणे बंद करून, जवळजवळ अंधपणे पुढे जावे लागणे, ही हानी कोणत्याही गणनेत येत नाही.

अर्थात् त्याची किंमत मोठी होती. परिणामासाठी शंभर-दोनशे मीटरांपर्यंत रणगाडा येऊ द्यावा लागे. झाडताच उडणाऱ्या धुळीने जागा उघडी पडे. युद्धकाळात चार लाखांहून अधिक बंदुका निर्माण करणे आणि त्यामागे तितकी माणसे उभी करणे, हे सर्व राष्ट्रांना शक्य नव्हते व परवडणारेही नव्हते. इतरत्र पोकळ स्फोटकाच्या अस्त्रांनी हा प्रश्न सोडविला. त्यांतील धातूची धार स्फोटानेच निर्माण होत असल्याने अस्त्राच्या वेगाची, पर्यायाने खांद्यावरील धक्क्याची, गरज उरली नाही. सोव्हिएत पायदळाकडे तसे स्वदेशी अस्त्र युद्धाअखेरपर्यंत आले नाही. म्हणून जाड चिलखतापुढे निष्प्रभ झालेली बंदूक हलकी वाहने, मोर्च्यांच्या फटी आणि घरांच्या भिंती यांविरुद्ध १९४५ पर्यंत वापरात राहिली. तिचे काडतूस मात्र तिच्याहून दीर्घायुषी ठरले : १४.५ मिलिमीटरची तीच गोळी युद्धोत्तर काळात व्लादिमिरोव्हच्या अवजड यंत्रबंदुकीत गेली.