हंगाम बुडाला, उधारी उरली

शहरातील व्यापारी सण आणि लग्नसराई पाहून माल भरतो. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातील व्यापाऱ्याला त्याशिवाय आणखी दोन हंगाम पाहावे लागतात, एक मोहफुलांचा आणि दुसरा तेंदूपानांचा. मार्चच्या मध्यापासून मोह गळू लागतो. एप्रिलच्या अखेरीस तेंदूपानांची तोडणी सुरू होते आणि मे महिन्यात ती आटोपते. धान विकल्यानंतर खेड्यातील घरात रोख पैसा येण्याचे दिवस हेच. 2020 साली देशव्यापी टाळेबंदी 25 मार्चला सुरू झाली आणि 31 मेपर्यंत ती चार वेळा मुदत ठरवून चालली. दोन्ही हंगाम तिच्यात सापडले. आपल्या आठवडी बाजारातील व्यापाऱ्यांना व कारागिरांना हे किती महाग पडले, आणि त्यातून पुढे काय करावे, याचा विचार आम्ही येथे मांडत आहोत.

साखळी कशी चालते

गडचिरोली जिल्ह्याचा जवळपास 70 टक्के भाग जंगलाचा आहे. गावे विखुरलेली असल्याने कापड, मनिहारी, भांडी, चपला, मीठ-तेल हे सारे आठवडी बाजारातून जाते. बाजारकरी आज एका गावी तर उद्या दुसऱ्या गावी दुकान मांडतो. त्याचा माल बहुधा नागपूरच्या इतवारी-गांधीबागेतील ठोक व्यापाऱ्याकडून उधारीवर आलेला असतो. तोही पुढे उधारीवर देतो. गिऱ्हाईक म्हणते, "तेंदूचे पैसे आले की देतो, भाऊ," आणि एवढ्या शब्दावर लुगडे किंवा पातेले घरी जाते.

तेंदूचे पैसे येतात ते असे. घरातील माणसे पहाटे जंगलात जातात, पाने तोडून आणतात आणि 70 पानांचा एक पुडा बांधून संध्याकाळी फळीवर जमा करतात. हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी होते. पेसा कायदा आणि 2006 चा वनहक्क कायदा यांमुळे अनेक ग्रामसभा आता स्वतःच पानांचा लिलाव करतात. म्हणजे बिडी कारखान्याचा पैसा ठेकेदाराकडून मजुराकडे, मजुराकडून बाजारकऱ्याकडे आणि तेथून नागपूरच्या पेढीकडे जातो. यातील एक कडी तुटली तरी बाकीच्या कड्या रिकाम्या राहतात. 2020 मध्ये सर्व कड्या एकदमच तुटल्या.

काय घडले

वनोपज गोळा करण्यास केंद्राने 16 एप्रिल 2020 रोजी सूट दिली. 1 मे रोजी 49 वनोपजांचे आधारभूत भाव वाढवले. दोन्ही निर्णय चांगले होते. पण गोळा करण्याची परवानगी मिळाली तरी विकायला आठवडी बाजार नव्हता. वाळवलेला मोह ठेवता येतो हे खरे, मात्र ज्याच्या घरात मीठ-तेल संपले आहे त्याला भाव वाढेपर्यंत थांबता येत नाही. तेंदूची गोष्टही तशीच झाली. बिडी कारखाने बंद आणि वाहतूक अडलेली असताना लिलावात बोली लावणारा हात आखडता घेणारच.

तिसरा फटका मिरचीचा होता. दोन्ही जिल्ह्यांतील हजारो मजूर धानाची कामे संपली की तेलंगणात मिरची तोडणीला जातात आणि मजुरीची रोकड किंवा मिरची घेऊन परततात. टाळेबंदी लागली तेव्हा अनेक जण तिकडेच अडकले, तर अनेक जण जंगलवाटांनी पायी निघाले. गडचिरोलीला लागून असलेल्या छत्तीसगडच्या बिजापूर जिल्ह्यातील 12 वर्षांची एक मुलगी अशाच मिरचीच्या कामावरून पायी परतताना 18 एप्रिल 2020 रोजी वाटेतच मरण पावली. व्यापाराच्या पानावर हे लिहिण्याचे कारण एवढेच की आपले गिऱ्हाईक कोण आहे याचा आपल्याला विसर पडू नये. ज्याची उधारी आपण बुडाली म्हणतो, तो माणूस त्या दिवसांत असा रस्त्यावर होता.

30 एप्रिल 2020 च्या केंद्राच्या यादीत गडचिरोली हिरव्या आणि चंद्रपूर नारिंगी पट्ट्यात होते. म्हणजे रोग येण्याआधीच बेकारी येऊन पोहोचली होती.

त्या वर्षी ईद 25 मे रोजी आली आणि पुढच्या वर्षी 14 मे रोजी. 2021 मध्येही 14 एप्रिलच्या रात्रीपासून राज्यात कडक निर्बंध होते. कापड, चपला, मनिहारी, भांडी यांची दुकाने अत्यावश्यक यादीत नव्हती. त्यामुळे सलग दोन वर्षे ईद, लग्नसराई आणि तेंदू हे तिन्ही एकत्र हातचे गेले. शिंप्याची शिलाई, गाद्या भरणाऱ्या पिंजाऱ्याचे काम, बुरडाची सुपे-टोपल्या, बांगड्यावाल्याचा चुडा ही सारी कामे लग्नाची. लग्ने मोजक्या माणसांत उरकली आणि हे हात रिकामे राहिले.

एप्रिल 2020 मध्ये दिल्लीच्या मरकझ प्रकरणानंतर देशात अनेक ठिकाणी मुस्लिम फेरीवाल्यांविषयी अफवा उठवण्यात आल्या. परदेशी तबलीगींवरील गुन्हे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने 21 ऑगस्ट 2020 रोजी रद्द केले. पण ज्याचा सारा धंदा शब्दावर चालतो, त्याच्या पतीला गेलेला तडा न्यायालयाच्या निकालाने लगेच बुजत नाही.

मदत कोणाला मिळाली

रेशनकार्ड असणाऱ्याला माणशी 5 किलो धान्य मिळाले. जनधन खाते असणाऱ्या महिलांना तीन महिने 500 रुपये मिळाले. बँकेचे कर्ज असणाऱ्याला 1 मार्च ते 31 ऑगस्ट 2020 पर्यंत हप्ता पुढे ढकलता आला. परंतु व्याज चालूच होते. समजा 1 लाख रुपये बाकी आणि व्याज 12 टक्के, तर सहा महिन्यांत सुमारे 6 हजार रुपयांचा बोजा वाढला. व्याजावरील व्याज आकारू नये असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2021 मध्ये सांगितले, मूळ व्याज मात्र द्यावेच लागले. सरकारी हमीचे तातडीचे कर्ज 29 फेब्रुवारी 2020 रोजी ज्याच्या नावे आधीच कर्ज होते त्याला मिळत होते. 1 जून 2020 रोजी आलेली 10 हजार रुपयांची स्वनिधी योजना शहरी हद्दीतील फेरीवाल्यांसाठी होती.

यात खेड्यातील आठवडी बाजारात दुकान मांडणारा कोठे बसतो? त्याचे कर्ज पेढीच्या वहीत, त्याची येणी गिऱ्हाइकाच्या शब्दात आणि त्याचे दुकान खेड्याच्या पारावर. कागदावर तो व्यापारीच नव्हता. त्याचे नुकसान मोजले गेले नाही, कारण त्याचा धंदाच कधी मोजला गेला नव्हता.

आता काय करावे

पहिली गोष्ट, वही लिहा. तारीख, नाव, गाव, माल, रक्कम आणि सही किंवा अंगठा. उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा ही शिकवण आपल्याला नवी नाही, आचरण मात्र कमी पडते.

दुसरी गोष्ट, उद्यम नोंदणी करा. ती विनामूल्य आहे. जुलै 2021 पासून किरकोळ व ठोक व्यापाऱ्यांनाही तिच्यात घेतले असून, अगदी लहान धंद्यांसाठी 2023 पासून उद्यम असिस्टची सोय झाली आहे. ज्यांना व्याजाचे कर्ज नको, त्यांनीही नोंदणी टाळू नये. नोंदणी म्हणजे कर्ज नव्हे. आपला धंदा आहे याचा तो पुरावा आहे.

तिसरी गोष्ट कारागिरांसाठी. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत 18 व्यवसाय आहेत. शिंपी, लोहार, सुतार, टोपल्या-चटया विणणारे त्यात येतात. प्रशिक्षण, अवजारांसाठी 15 हजारांपर्यंत मदत आणि आधी 1 व नंतर 2 लाखांपर्यंत 5 टक्क्यांनी कर्ज, असे तिचे स्वरूप ठरले. हे ज्याला घ्यायचे त्याने आधी सध्याचे नियम विचारून घ्यावेत.

चौथी गोष्ट आपसांतील. एका बाजारात बसणाऱ्या दुकानदारांनी दर आठवड्याला थोडी रक्कम बाजूला काढून बिनव्याजी मदतनिधी उभा करावा आणि त्याचा हिशेब उघडा ठेवावा. माल भरताना एक प्रश्न स्वतःला विचारावा : तीन महिने बाजार भरला नाही, तर पेढीचे देणे कोठून देणार? उत्तर सापडेल तेवढाच माल उधारीवर उचलावा.

टाळेबंदी उठली आणि बाजार पुन्हा भरू लागले. पण पुढचे संकट पूर, मंदी किंवा तेंदूचा पडलेला भाव या रूपानेही येऊ शकते. त्या दिवशी आपली वही कोरी नसावी आणि सरकारी दप्तरात आपले नाव असावे, एवढी तयारी आजच करणे आपल्या हाती आहे.